संगणकाचें कोष्टक व पाण्याचा ताळेबंद

हिशेब ठेवणें आणि हिशेब करणें या दोन गोष्टी वरवर एकच वाटतात. पण त्यांत मोठें अंतर आहे. जो हिशेब ठेवतो तो झालेली गोष्ट लिहून काढतो; जो हिशेब करतो तो होणारी गोष्ट आधींच डोळ्यांपुढें आणतो. पहिल्यास महिनाअखेर कळतें कीं पैसे संपले. दुसऱ्यास महिन्याच्या आरंभींच कळतें कीं ते संपणार आहेत. आपल्या जुन्या कारकुनांस हा भेद पुरता ठाऊक होता. मराठेशाहीच्या दप्तरांत ‘अजमास’ आणि ‘ताळेबंद’ असे दोन निराळे शब्द सांपडतात. पुढें काय येणार व काय जाणार याचा अंदाज तो अजमास, आणि जमा व खर्च यांचा मेळ घालून दाखवावयाचा तो ताळेबंद.

हें सांगण्याचें कारण असें कीं, हल्लीं घरोघर जो संगणक आला आहे, आणि ज्याची धाकटी प्रत बहुतेकांच्या खिशांत मोबाईलच्या रूपानें असते, त्यांत अजमास आणि ताळेबंद ही दोन्ही कामें एकाच कागदावर करून देणारें एक साधन आयतें पडून आहे. त्यास स्प्रेडशीट म्हणतात. घरांतील तरुण मंडळी कचेरींत दिवसभर याच साधनावर काम करतात; पण घरीं आल्यावर त्याचा उपयोग लग्नाच्या आमंत्रणांची यादी लिहिण्यापलीकडे क्वचितच होतो. वडील मंडळी तर तें आपलें काम नव्हे असें समजून दूरच राहतात. वस्तुतः ज्यांनीं आयुष्यभर रोजकीर्द लिहिली, त्यांसच हें साधन सर्वांत लवकर समजेल असें आमचें मत आहे. म्हणून प्रस्तुत लेखांत त्याचीं मूलतत्त्वें सांगण्याचें योजिलें आहे. आणि तीं कोरडीं न सांगतां, जेथें हिशेबावर माणसांचें व जनावरांचें पाणी अवलंबून असतें अशा पारनेर तालुक्याच्या आधारानें सांगावीं असा आमचा विचार आहे.

कोष्टकाचा जन्म

स्प्रेडशीट हा शब्द संगणकाहून जुना आहे. पाश्चात्य हिशेबनीस वहीचीं समोरासमोरचीं दोन्ही पानें व्यापणारा, आडव्या ओळी व उभे रकाने आंखलेला एक रुंद कागद वापरीत. पसरलेला कागद, म्हणून त्यास हें नांव पडलें. १९७८ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यापारविद्येच्या शाळेंत डॅन ब्रिकलिन नांवाचा विद्यार्थी शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर आंकड्यांचें कोष्टक मांडीत. त्यांत एक आंकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असलेले पुढचे सारे आंकडे पुसून नव्यानें लिहावे लागत. हा फळाच असा असावा कीं एक आंकडा बदलतांच बाकीचे आपोआप बदलावे, अशी कल्पना त्याच्या मनांत आली. बॉब फ्रँक्स्टन या मित्राच्या साह्यानें त्यानें ती उतरविली, आणि १९७९ सालीं ‘व्हिझिकॅल्क’ या नांवानें ॲपल-२ या छोट्या संगणकावर ती लोकांपुढें आली. पुढें १९८३ सालीं लोटस १-२-३, १९८५ सालीं एक्सेल, २००६ सालीं गूगलचें शीट्स अशीं तिचीं रूपें निघालीं. लिबर-ऑफिस संचांतील ‘कॅल्क’ तर कोणासही विनामूल्य घेतां येतें. नांवें निराळीं, परंतु गाभा तोच. एक शिकला त्यास बाकीचीं परकीं वाटत नाहींत.

हा गाभा कोणता, तें आधीं पाहूं. स्प्रेडशीट उघडली कीं समोर आंखीव चौकोनांचें जाळें दिसतें. उभ्या रकान्यांस ए, बी, सी अशीं अक्षरें असतात आणि आडव्या ओळींस १, २, ३ असे क्रमांक. रकाना आणि ओळ जेथें मिळतात त्या चौकोनास ‘सेल’ म्हणतात. आम्ही त्यास बुद्धिबळाच्या पटावरील ‘घर’ हाच शब्द वापरूं. बी रकान्यांतील चौथ्या ओळीचें घर तें बी४. संगणकावर हीं अक्षरें इंग्रजी लिपींत टंकावीं लागतात. येथें तीं देवनागरींत दिलीं आहेत.

आतां मुख्य गोष्ट. एका घरांत तीन प्रकारच्या वस्तु ठेवितां येतात: शब्द, आंकडा, किंवा सूत्र. शब्द आणि आंकडा कागदावरही लिहितां येतात. सूत्र मात्र कागदाला साधत नाहीं. घरांत प्रथम बरोबरीचें चिन्ह लिहून पुढें ‘=बी२*सी२’ असें टंकिलें, तर संगणक त्याचा अर्थ असा करतो कीं, या घरांत कोणतीही ठराविक रक्कम नाहीं; बी२ मध्यें जें असेल त्यास सी२ मधील आंकड्यानें गुणून जें येईल तें येथें दाखवावयाचें. येथें फुलीचें चिन्ह गुणाकाराचें आहे आणि तिरप्या रेघेनें भागाकार होतो. तांदळाचा भाव बदलला, सी२ मधला आंकडा खोडून नवा लिहिला, कीं एकूण किंमत त्याच क्षणीं बदलते. म्हणजे घरांत आंकडा नसून आंकड्यांमधील नातें साठविलेलें असतें. हें एक तत्त्व ज्यास समजलें त्यास स्प्रेडशीटचा निम्मा भाग आला असें समजावें.

रोजकीर्द व खतावणी

आरंभ घरखर्चापासून करावा हें उत्तम. पांच रकाने पुरतात: तारीख, तपशील, खातें, कोणीं दिले, आणि रक्कम. पहिल्या ओळींत हीं शीर्षकें लिहावीं आणि त्याखालीं एकेका व्यवहारास एकेक ओळ द्यावी. हीच आपली रोजकीर्द. येथें कांहीं पथ्यें कटाक्षानें पाळावीं लागतात. मध्यें रिकामी ओळ सोडूं नये. आठवड्याची बेरीज मध्येंच घालूं नये. बेरजेस स्वतंत्र जागा ठेवावी. रकमेच्या घरांत नुसता आंकडा लिहावा, ‘४५० रु. फक्त’ असें लिहिलें तर संगणक त्यास शब्द समजतो आणि बेरजेंत धरीत नाहीं. शिवाय एका खात्याचें नांव नेहमीं एकाच रीतीनें लिहावें. सूनबाईंनीं ‘किराणा’ लिहिलें आणि सासूबाईंनीं ‘वाणसामान’, तर माणसास अर्थ एकच कळतो. संगणकास तीं दोन खातीं वाटतात.

इतकी शिस्त पाळली कीं पुढचें काम सोपें होतें. ‘=सम(ई२:ई२००)’ असें लिहितांच ई रकान्यांतील दुसऱ्या ओळीपासून दोनशेव्या ओळीपर्यंतची बेरीज मिळते. ‘सम-इफ’ नांवाचें सूत्र ज्या ओळींत खातें ‘औषधें’ असेल तेवढ्याच रकमा वेंचून त्यांची बेरीज देतें. ‘फिल्टर’ केलें तर नको त्या ओळी तात्पुरत्या लपतात. ‘सॉर्ट’ केलें तर रकमेच्या किंवा तारखेच्या क्रमानें ओळी लागतात. आणि ‘पिव्हट टेबल’ नांवाची एक सोय आहे, तिचें नांव ऐकून पुष्कळांस धडकी भरते. पण ती म्हणजे आपली खतावणीच होय. रोजकिर्दींतील नोंदी खात्यावार व महिन्यावार लावून दाखविण्याचें जें काम दिवाणजी रात्री जागून करीत असत, तेंच ती निमिषांत करते.

पारनेरचें पाणी

येथवर जें सांगितलें तें हिशेब ठेवण्याविषयीं झालें. हिशेब करण्याचा प्रकार पाहावयाचा तर पारनेरकडे वळलें पाहिजे.

अहमदनगर, आतां अहिल्यानगर, जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील हा तालुका. सेनापति बापटांचें जन्मस्थान म्हणून पारनेरचें नांव महाराष्ट्रास परिचित आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत हा मुलुख येतो. घाटमाथ्यावर मेघ कोसळतात आणि येथें येईतों ते रिते झालेले असतात. त्यांत जमिनीखालीं काळा पाषाण. निघोजजवळ कुकडी नदीनें याच पाषाणांत कोरलेले रांजणखळगे पाहावयास दुरून लोक येतात. परंतु जो दगड नदीस इतकें सुंदर शिल्प घडवूं देतो, तोच पाणी पोटांत सांठवावयास कृपण असतो. पाणी राहतें तें वरच्या मुरमांत आणि दगडाच्या भेगांत. अशा ठिकाणीं विहीर ही पेढींतील ठेवीसारखी असते. भर पडते ती पावसाळ्यांत, आणि पुढचे आठ महिने केवळ काढणें चालतें. ज्वारी, बाजरी आणि कांदा हीं येथलीं पिकें. कांद्यास बाजारांत भाव आला कीं प्रत्येकास कांदा लावावासा वाटतो. आणि प्रत्येकानें तो लावला कीं चैत्र-वैशाखांत साऱ्यांच्याच विहिरी तळ दाखवितात. मग टँकरची वाट पाहणें आलें.

याच तालुक्यांतील राळेगण सिद्धी येथें १९७५ सालीं सैन्यांतून परतलेले श्री. अण्णा हजारे यांनीं गांवकऱ्यांस बरोबर घेऊन नाले अडविले, बांध घातले, पाझर तलावाची दुरुस्ती केली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. पण केवळ पाणी अडवून भागत नाहीं. अडविलेलें पाणी वांटून घ्यावें लागतें. म्हणूनच तेथें उसासारख्या पाणीखाऊ पिकास बंदी आली. शेजारच्या नगर तालुक्यांतील हिवरे बाजार या गांवानें तर या विचारास हिशेबाचें रूप दिलें. श्री. पोपटराव पवार १९९० च्या सुमारास तेथील सरपंच झाले. २०२० सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. या गांवांत पडलेला पाऊस मोजतात, विहिरींतील पाण्याची पातळी पाहतात, आणि पावसाळा संपल्यावर हातीं असलेल्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडतात. आधीं माणसांचें व जनावरांचें पिण्याचें पाणी काढून ठेवावयाचें, आणि उरेल त्यावरून रब्बीस कोणतें पीक किती घ्यावें हें ठरवावयाचें, अशी ही रीत आहे.

याच्याही पूर्वीं, १९७२ च्या भीषण दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यांत कै. विलासराव साळुंखे यांनीं ‘पाणी पंचायत’ उभी केली होती. पाणी जमिनीच्या मापानें न देतां माणसांच्या मापानें द्यावें, माणशीं अर्धा एकर, आणि एका कुटुंबास अधिकांत अधिक अडीच एकर, असा तिचा दंडक. भूमिहीनांसही त्यांत वांटा होता. हा दंडक स्प्रेडशीटच्या एका घरांत मावतो. बी२ मध्यें कुटुंबांतील माणसें लिहा आणि शेजारीं ‘=मिन(बी२*०.५,२.५)’ हें सूत्र ठेवा. ‘मिन’ म्हणजे दोहोंतील लहान आंकडा. चार माणसांच्या घरास दोन एकर येतात. नऊ माणसांच्या घरास साडेचार न येतां अडीचच येतात. सूत्र आंकडेमोडीचें असलें तरी त्यांत न्यायाची एक कल्पना सांठविलेली आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

एका गांवाचा ताळेबंद

आतां आपण स्वतःच एका गांवाचा पाण्याचा ताळेबंद मांडून पाहूं. गांव कल्पित आहे आणि आंकडेही उदाहरणापुरते घेतले आहेत. एक गोष्ट मात्र कल्पित नाहीं. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं तें पाणी बरोबर दहा घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर, भरतें. या एका किल्लीनें पुढचें सारें उघडतें.

ए रकान्यांत बाब आणि बी रकान्यांत आंकडा असें लिहावें:

ओळ १: गांवचें क्षेत्र, हेक्टर — १,०००
ओळ २: पाऊस, मिलिमीटर — ४५०
ओळ ३: वापरास हातीं येणारा हिस्सा — १२%
ओळ ४: माणसें — १,५००
ओळ ५: जनावरें — ८००
ओळ ६: हातचें पाणी, घनमीटर — =बी१*बी२*१०*बी३
ओळ ७: पिण्याचें पाणी, घनमीटर — =(बी४*५५+बी५*४०)*३६५/१०००
ओळ ८: पिकांस उरणारें पाणी — =बी६-बी७

तिसरी ओळ थोडी समजावून सांगितली पाहिजे. पडलेल्या पावसांतील फार मोठा भाग उन्हानें उडून जातो, खरिपाचीं पिकें व गवत पितात, कांहीं ओढ्यानें वाहून जातो. विहिरींत व तळ्यांत जो थोडा भाग उरतो तो आम्हीं शेंकडा बारा धरला. माणशीं दररोज ५५ लिटर हें ग्रामीण पाणीपुरवठ्याचें सरकारी प्रमाण आहे. जनावरास सरासरीनें ४० लिटर धरले आहेत.

संगणक उत्तर देतो तें असें. एकूण पाऊस ४५ लक्ष घनमीटर, हातचें पाणी ५,४०,०००, पिण्यास ४१,७९३, पिकांस उरलें ४,९८,२०७.

आतां खालीं दुसरें कोष्टक आंखावें. अकराव्या ओळीपासून ए मध्यें पीक, बी मध्यें हेक्टर, सी मध्यें हेक्टरीं लागणारें पाणी, आणि डी मध्यें ‘=बी११*सी११’. गांवकऱ्यांची इच्छा अशी समजूं: ज्वारी १०० हेक्टर, हेक्टरीं १,५०० घनमीटर, गहूं ४० हेक्टर, हेक्टरीं ४,०००, कांदा ६० हेक्टर, हेक्टरीं ५,५००. डी११ मधील सूत्र एकदांच लिहावें आणि त्या घराचा उजवा खालचा कोपरा धरून खालीं ओढावें. संगणक दुसऱ्या ओळींत आपण होऊन ‘=बी१२*सी१२’ करतो आणि तिसरींत ‘=बी१३*सी१३’. सूत्र खालीं सरकलें कीं त्यांतील घरेंही खालीं सरकतात, म्हणून एका सूत्रावर शंभर ओळींचें काम होतें.

पण कधीं कधीं हें सरकणें नको असतें. समजा, प्रत्येक पीक उरलेल्या पाण्याचा कितवा हिस्सा खातें हें ई रकान्यांत पाहावयाचें आहे. ‘=डी११/बी८’ लिहून खालीं ओढलें तर पुढच्या ओळींत बी८ चें बी९ होईल, आणि तेथें कांहींच नसल्यामुळें संगणक शून्यानें भागल्याची तक्रार करील. यासाठीं ‘=डी११/$बी$८’ असें लिहावें. डॉलरचें चिन्ह हा येथें खिळा समजावा. ज्या अक्षराच्या वा क्रमांकाच्या मागें तो ठोकला तें हलत नाहीं. नवशिक्यांच्या निम्म्या चुका या खिळ्याच्या विसरानें होतात. खिळा ठोकून पाहिलें तर दिसतें कीं, ज्वारी शेंकडा तीस, गहूं शेंकडा बत्तीस, आणि एकटा कांदा शेंकडा सहासष्ट पाणी मागतो. म्हणजे शंभराच्या ठेवीवर एकशें अठ्ठावीसची हुंडी!

एकूण मागणी ६,४०,००० आणि हातीं ४,९८,२०७. तूट १,४१,७९३ घनमीटर. हेंच कोष्टक नसतें तर ही तूट वैशाखांत विहिरीच्या तळाशीं वाचावी लागली असती. येथें ती दसऱ्यालाच वाचतां येते. मग ग्रामसभेंत कोणी म्हणेल, कांदा निम्मा करून पाहा. बी१३ मधील ६० खोडून ३० लिहिले कीं मागणी ४,७५,००० वर येते आणि २३,२०७ घनमीटर शिल्लक उरतात. दुसरा कोणी विचारील, पाऊस ३०० मिलिमीटरच झाला असता तर? बी२ बदला. पिकांस उरणारें पाणी ३,१८,२०७ वर उतरतें आणि पुन्हां तूट येते. मग गहूं अजिबात सोडून ज्वारी आणि तीस हेक्टर कांदा एवढेंच ठेवलें तर मागणी ३,१५,०००, जेमतेम निभावतें. प्रत्येक प्रश्नास एक आंकडा बदलण्यापुरता वेळ लागतो. ‘असें झालें तर काय?’ हा प्रश्न फुकट विचारतां यावा, हाच स्प्रेडशीटचा खरा उपयोग. नुसती बेरीज करावयास गुणकयंत्रही पुरेसें होतें.

येथें एक सावधगिरीची सूचना. शेवटचा निभाव बी३ मधील बारा टक्क्यांच्या गृहीतावर उभा आहे. कमी पावसाच्या वर्षीं तो हिस्साही घटण्याचा संभव असतो. बारांच्या जागीं दहा लिहून पाहा. उरणारें पाणी २,५८,२०७ होतें आणि तीच काटकसरीची पेरणी ५६,७९३ घनमीटरांनीं तुटीची ठरते. म्हणून जें आपण मानलें आहे तें सूत्राच्या पोटांत दडवूं नये. त्यास स्वतंत्र घर द्यावें, शेजारीं ‘गृहीत’ असें लिहावें, आणि विहिरींची पातळी मोजून तें दरवर्षीं सुधारावें. पिकांस लागणाऱ्या पाण्याचे खरे आंकडेही असेच जाणत्यांकडून घ्यावे. याच जिल्ह्यांत राहुरीस महात्मा फुले कृषि विद्यापीठ आहे.

कोष्टकाचा ताळा

संगणक आंकडेमोडींत चुकत नाहीं, ही समजूत खरी आहे. आणि म्हणूनच ती घातक आहे. तो चुकत नाहीं, पण आपण चुकीचें सांगितलें तर तेंही तो तितक्याच ठामपणें करतो. २०१० सालीं कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनीं राष्ट्रीय कर्ज व आर्थिक वाढ यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. अनेक देशांतील मुत्सद्दी काटकसरीच्या धोरणास त्याचा आधार घेऊं लागले. २०१३ सालीं थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानें त्यांचें मूळ कोष्टक मागवून तपासलें, तेव्हां इतर आक्षेपांबरोबर ही गोष्टही उघडकीस आली कीं, सरासरीच्या सूत्रांत वीस देशांच्या ओळी घ्यावयाच्या त्या जागीं पंधराच घेतल्या गेल्या होत्या. पांच देश सूत्राच्या कक्षेबाहेरच राहिले होते. २०२० सालीं इंग्लंडांत करोनाच्या रोग्यांची नोंद करतांना जुन्या धर्तीच्या एक्सेल फाइलींत ६५,५३६ पेक्षां अधिक ओळी मावत नाहींत याचें भान न राहिल्यानें १५,८४१ रुग्ण दैनिक आंकड्यांतून गळले, आणि त्यांच्या सहवासांत आलेल्यांस सूचना देण्यास विलंब झाला.

आपल्या घरगुती कागदांतही असे खड्डे आहेत. सातबाऱ्यावरील सर्व्हे नंबर ५/२ म्हणून टंकावा, तर संगणक त्यास तारीख समजून फेब्रुवारी किंवा मे महिना दाखवूं लागतो. त्यावर उपाय असा कीं, लिहिण्यापूर्वीं त्या रकान्याचें स्वरूप ‘टेक्स्ट’, म्हणजे मजकूर, असें ठरवून द्यावें. शून्यानें आरंभ होणारे खातेक्रमांकही याच रीतीनें जपावे; नाहींतर पुढचें शून्य उडून जातें.

आपल्याकडे गणित सुटलें कीं ताळा करून पाहण्याची शिस्त लहानपणीं लावीत. ती येथें सोडूं नये. बेरीज उभी करावी आणि आडवीही करावी. दोन्ही जुळल्या पाहिजेत. उत्तर पाहण्यापूर्वीं मनांत ढोबळ अजमास बांधावा. हजारांचें उत्तर अपेक्षित असतां लाखांचें आलें तर कोठें तरी पाणी मुरलें आहे. सूत्राच्या घरावर बोट ठेवून तें कोणकोणतीं घरें घेतें हें पाहावें. मूळ नोंदींचें पान निराळें आणि हिशेबाचें पान निराळें ठेवावें. आणि सर्वांत मोठा ताळा म्हणजे दुसऱ्या माणसाची नजर. हर्नडनास मूळ कोष्टक मिळालें नसतें तर ती चूक कोणास कळती?

शेवटीं एकत्र कुटुंबाविषयीं दोन शब्द. ज्या घरांत एक भाऊ गांवीं शेती पाहतो, दुसरा पुण्यास नोकरीस, आणि तिसरा परदेशांत असतो, तेथें वाड्याच्या डागडुजीचा, आईच्या औषधोपचाराचा किंवा कांद्याच्या पट्टीचा हिशेब हें पुष्कळदां मनें दुखावण्याचें कारण होतें. लबाडी क्वचितच असते. बहुधा एकाकडे वही असते आणि इतरांस ती दिसत नाहीं, एवढेंच. स्प्रेडशीट सर्वांस एकाच वेळीं पाहतां येते. कोणीं नुसतें पाहावें आणि कोणीं लिहावें हेंही ठरवून देतां येतें. तिघांनीं एकच कागद पाहिला तर विचारावयाचें तें उघड विचारतां येतें, आणि गांवींच्या भावास आपली सचोटी पत्रांतून सिद्ध करीत बसावें लागत नाहीं. घरांतील ज्येष्ठांनीं खातीं ठरवावीं, मुलांनीं सूत्रें घालावीं, आणि महिन्यांतून एकदां जेवणानंतर सर्वांनीं तें पान मिळून वाचावें. ज्या घरची रोजकीर्द आजवर एकाच्याच कपाटांत राहिली, तेथें ह्या प्रथेची गरज विशेष आहे.

हिवरे बाजारास जें साधलें त्याचें मर्म हेंच आहे. शेजाऱ्यानें ऊस लावूं नये असें कोणी नुसतें म्हटलें असतें तर भांडण झालें असतें. पाऊस किती पडला, पाणी किती उरलें आणि पिण्यास किती लागेल हें साऱ्या गांवानें एकत्र पाहिलें, म्हणून बंधन जाचलें नाहीं. आंकडे उघडे असले म्हणजे त्याग सर्वांचा समान दिसतो, आणि समान त्याग माणूस सहसा नाकारीत नाहीं. वाचकांनीं येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून पांच रकान्यांचें एक पान आंखून पाहावें. तीन महिन्यांच्या नोंदी झाल्या कीं त्याखालीं पुढच्या तीन महिन्यांचा अजमास मांडावा. आणि ते महिने सरल्यावर तो कोठें फसला हें तपासावें. एवढा अभ्यास झाला म्हणजे गांवच्या पाण्याचा ताळेबंद वाचणेंही त्यांस कठीण जाणार नाहीं.